हात लावून मम

माझ्या साठीशांतीचे फोटो माझ्याशिवाय सगळ्यांनी पाहिले. त्यांत पुण्याची आत्या होती, न्यू जर्सीचा भाचा होता, आमचा दूधवाला होता, आणि शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा, गेल्या पंचेचाळीस वर्षांत ज्याची मी आठवणसुद्धा काढली नाही असा एक इसम होता. मी नव्हतो. पैसे मी दिले होते, त्यामुळे माझी पाळी शेवटी होती. ही तक्रार नाही, नोंद आहे. तक्रारीला अर्ज लागतो, नोंदीला नुसती वही पुरते.

आम्ही बेंगळुरूत जयनगरला राहतो, चौथ्या टी ब्लॉकात. ही वस्ती १९४८ साली आखली गेली. आखणाऱ्यांनी ब्लॉक एकपासून नऊपर्यंत ओळीने मोजले आणि मध्येच हा टी घातला, तेव्हापासून कुरिअरवाले एकदा चौथ्या ब्लॉकात जाऊन मगच आमच्याकडे येतात. टी म्हणजे टिळकनगर असं इथे सांगतात. सत्तावीस वर्षांपूर्वी बेळगावहून इथे आलो तेव्हा घर घेण्यामागे हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की घर परवडत होतं. आता टिळक तेवढे उरले आहेत.

साठीशांतीसाठी फोटोग्राफर ठरवायला गेलो, तर तो म्हणाला, ‘‘सर्, मी फोटो काढत नाही. मी स्टोरी सांगतो.’’ माझी स्टोरी मला ठाऊक होती. तिच्यात सांगण्यासारखं काही असतं तर साठ वर्षांत कोणीतरी विचारलं असतं. मी म्हटलं, मला फोटोच हवे आहेत. हे त्याने कुठे लिहून घेतलं नाही. त्याने चार पानांचा करार पुढे केला, खाली अठरा टक्के जीएसटी लावलेली रक्कम होती. मी रक्कम वाचली आणि सही केली. त्याच वेळी दारात गॅसचा सिलिंडर आला होता, त्याच्या पावतीवरही मी सही केली. दोन्हींपैकी पावती मी जास्त लक्ष देऊन वाचली.

समारंभ पाचव्या ब्लॉकातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. फोटोग्राफर दोन मदतनीसांसह आला आणि होमकुंडाच्या पलीकडे, जिथे एरवी देव असतात, तिथे बसला. आहुतीचा क्षण नीट मिळाला नाही म्हणून त्याने गुरुजींना ‘‘स्वल्प अड्जस्ट माडी’’ म्हणत ती तीनदा टाकायला लावली. देवांना दोन आहुत्या जादा मिळाल्या. त्याचं बिल त्यांना गेलं नाही. धर्मकृत्यात पत्नी पतीच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत ती डावीकडे येते आणि मी उजवीकडे. ही माहिती पुढे लागणार आहे.

फोटो चार आठवड्यांत मिळतील असं ठरलं होतं. समारंभ रविवारी झाला आणि मंगळवारी सकाळी आत्याचा फोन आला. ‘‘कपाळ काय झळकतंय रे तुझं!’’ मला वाटलं, ती भाग्याविषयी बोलते आहे.

ती इन्स्टाग्रामविषयी बोलत होती. फोटोग्राफरने माझ्या समारंभातले दहा फोटो जगापुढे मांडले होते. त्यात समईचे तीन होते, बायकोच्या बांगड्यांचे दोन, केळीच्या पानाचा एक, गुरुजींच्या हाताचा एक, शेजारच्यांच्या नातीचा एक, रांगोळीचा एक आणि आम्हा दोघांचा एक. वर लिहिलं होतं, ‘क्लायंट वर्क’. आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं, बायको गेली चौतीस वर्षं उखाण्यात घेते ते नाव कुठेही नव्हतं. लेन्सचं मात्र सविस्तर होतं: पंच्याऐंशी मिलिमीटर, छिद्र एफ १.४, आयएसओ ८००. कॅमेऱ्याचं घराणंसुद्धा दिलं होतं. एकूण त्या प्रसंगी जे जे हजर होतं त्या सर्वांची ओळख करून दिली होती. यजमानांची राहिली होती.

मी फोन केला. ‘‘एडिटिंग चालू आहे, सर्,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, मग हे दहा? ‘‘ते पोर्टफोलिओचे, सर्. तुमचे वेगळे.’’ म्हणजे माझ्या फोटोंत दोन जाती होत्या. एक माझे फोटो, ते अजून व्हायचे होते. दुसरे माझेच फोटो, ते झाले होते, पण माझे नव्हते.

माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १९६५ साली, मी सहा महिन्यांचा असताना, बेळगावच्या खडेबाजारातल्या एका स्टुडिओत माझा फोटो काढला गेला. पोटावर पालथा, मान वर आणि अंगावर तिटीखेरीज काही नाही. आईला तीन प्रती मिळाल्या, चौथी स्टुडिओवाल्याने मोठी करून रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात लावली. एका बाजूला मुंडावळ्या बांधलेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला हातात पदवीची गुंडाळी धरलेला एक गृहस्थ, आणि मध्ये मी. मी चालायला लागलो, शाळेत गेलो, मला चष्मा लागला, माझी मुंज झाली. कपाटातला मी तसाच. नववीत असताना सगळा वर्ग त्या रस्त्याने घरी जायचा. आईने दोनदा फोटो कपाटातून काढायला सांगितलं. ‘‘राहू द्या हो वहिनी, त्याला बघून गिऱ्हाईक आत येतं,’’ असं उत्तर मिळालं. उन्हाने मी पिवळा पडलो, पण खाली उतरलो नाही.

आईला एक गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं. इंग्लंडमधल्या रोचेस्टर गावी पोलार्ड नावाच्या बाईंनी स्टुडिओत पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि स्टुडिओवाल्याने त्याचं नाताळचं शुभेच्छापत्र करून दुकानाच्या काचेत लावलं. बाई कोर्टात गेल्या. १८८८ साली न्यायाधीश नॉर्थ यांनी दुकानदाराला मनाई केली. काचेची निगेटिव्ह तुझ्याकडे आहे हे खरं, पण ती ज्या कामासाठी घेतलीस त्याच कामाला वापरायची, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. म्हणजे माझ्या जन्माआधी सत्त्याहत्तर वर्षं हा प्रश्न सुटलेला होता. निकालाची प्रत खडेबाजारापर्यंत पोचली नाही, एवढंच. आणि पोलार्डबाईंच्या अंगावर कपडे होते.

तर चार आठवडे झाले, सहा झाले, आठ झाले, अल्बम आला नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला आणि बडोद्याला फोटोग्राफीचा धंदा करून पाहत होते. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो असा लोकांचा समज होता आणि त्यापायी बडोद्याचा धंदा काही बसला नाही. आज त्या लोकांना आपण हसतो. मला ते आता हसण्यासारखे वाटत नाहीत. त्यांचं निदान थोडं चुकलं होतं. शक्ती फोटो काढताना जात नाही, अल्बमची वाट पाहताना जाते.

दरम्यान मी रोज सकाळी लालबागेत फिरायला जात होतो. तिथेही हेच काम चालतं. नियोजित वधू-वर झाडाच्या दोन बाजूंनी एकमेकांना शोधत असतात. झाड एवढंसं असतं, तरी सापडत नाहीत. पाठीमागे १८८९ साली पाया घातलेलं ग्लासहाऊस असतं, आणि त्याच्या पाठीमागे, ‘‘अंकल, दोन मिनिटं’’ हे ऐकू न आल्यामुळे, मी असतो. किमान तीन जोडप्यांच्या वैवाहिक जीवनाच्या आरंभी मी माकडटोपी घालून उपस्थित आहे. तिथला खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. परवा त्याच्यावर एका वराने उडी मारली. सहा वेळा.

आता मुख्य नोंद. एका शनिवारी चौथ्या ब्लॉकातल्या एका दर्शिनीत मी इडली-वडा घेऊन उभ्याच्या टेबलाशी उभा होतो. शेजारच्या टेबलाशी तिघे फोटोग्राफर बाय-टू कॉफी घेत होते. तिघांत दोन कॉफ्या म्हणजे बाय-टूचा हिशोब कसा बसतो हे मी पाहत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की त्यांतला एक आमचा आहे. मी ओळखीचं हसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चटणीची वाटी माझ्या बाजूला सरकवली. त्याने मला ओळखलं नाही. बाराशे चाळीस वेळा त्याने मला पाहिलं होतं, पण दर वेळी एक डोळा मिटून.

त्याने फोन टेबलावर ठेवला. फोनमध्ये आम्ही दोघं होतो. बायकोने माझ्या हाताला हात लावला होता, मी पळीने तूप सोडत होतो.

‘‘उजेड बघ. एकच खिडकी. फ्लॅश नाही.’’

‘‘कपाळ बर्न झालंय,’’ दुसरा म्हणाला आणि सांबाराच्या बोटाने त्याने माझं कपाळ मोठं केलं. मी नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावला.

‘‘कपाळ नाही ते. टक्कल. तिथे काही करता येत नाही. क्लायंट तसाच आला होता.’’

‘‘बाई सुरेख आल्यात.’’

‘‘बाईंचा प्रश्नच नाही.’’

तिसरे गृहस्थ वयस्क होते. निगेटिव्ह स्वतःच्या हाताने धुतलेल्या पिढीतले असावेत, कारण फोन ते दोन्ही हातांनी कडेने धरत होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘‘उजवीकडून काप.’’

‘‘उजवीकडे क्लायंट आहे, सर्.’’

‘‘दिसतंय मला. म्हणूनच सांगतोय.’’

इथे हे सांगितलं पाहिजे की फोटोवर असं बोलायची बेंगळुरूला जुनी आणि चांगली सवय आहे. यूथ फोटोग्राफिक सोसायटी इथे १९७१ पासून आहे. असल्या मंडळांत एकमेकांचे प्रिंट भिंतीला लावून तासन् तास चिरफाड होते, कोणी रागावत नाही, आणि त्यातूनच माणसं तयार होतात. टी. एन. ए. पेरुमाळ, ई. हनुमंतराव यांच्यासारख्या इथल्या लोकांनी जंगलातल्या प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढण्यात जन्म घालवला. त्यांच्याही फोटोंवर चर्चा झालीच असणार. पण घुबडाचं कपाळ चमकलं तर ते ऐकायला घुबड शेजारच्या टेबलाशी उभं नसतं. आणि घुबडाला आत्या नसते.

मग त्यांची गिऱ्हाइकांविषयी बोलणी सुरू झाली. ‘‘क्लायंट रॉ फाइल मागतात. इडली खाल्ल्यावर आत जाऊन पीठ मागतात का?’’ तिघांनी मान हलवली. मी पाहिलं तर माझीही हलली होती. रॉ फाइल मी मागितली होती. रॉ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, भाच्याने माग म्हणून सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, ‘‘आणि नाव कापतात. आपला लोगो कापून, वर केशरी फिल्टर लावून सगळीकडे पाठवतात. लग्नाचा हॉलवाला, केटरर, मेंदीवाली सगळे आपलाच फोटो लावून धंदा करतात. आपलं नाव कुठे नाही.’’ आमचा म्हणाला, ‘‘क्लायंटने विचारलं तर?’’ वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘‘क्लायंट कशाला विचारतो? कलम चौदा आहे ना.’’

मी वडा अर्धा टाकून घरी आलो.

कलम चौदा चौथ्या पानावर होतं. अक्षर एवढं बारीक की ते पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सनेच वाचावं. सर्व छायाचित्रं स्टुडिओ आपल्या प्रसिद्धीसाठी, प्रदर्शनासाठी व व्यावसायिक चर्चेसाठी वापरू शकेल आणि यास ग्राहकाची संमती आहे. खाली माझी सही होती. सुरेख आली होती.

आमच्या तळमजल्यावर एक वकील राहतात. त्यांना मी करार दाखवला. ते म्हणाले, फोटो तुमचेच आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. चित्राला तेच, फिल्मलाही तेच. म्हणजे तुमचा व्हिडिओसुद्धा तुमचा. इंग्लंडच्या १९५६ च्या कायद्यात फोटोंबाबत हेच होतं. १९८८ साली त्यांनी नियम उलटा करून मालकी फोटोग्राफरला दिली. पण घरगुती कामासाठी काढून घेतलेले फोटो गिऱ्हाइकाला नको असतील तर बाहेर दाखवायचे नाहीत, एवढी अट पंच्याऐंशीव्या कलमात ठेवली. पंच्याऐंशी हा आकडा आता माझा पिच्छा सोडत नाही. वकील म्हणाले, अमेरिकेत स्वतंत्र धंदा करणारा फोटोग्राफर एरवी आपल्या फोटोंचा मालक असतो. तिथल्यापेक्षा तुम्ही सुखी आहात.

मी म्हटलं, मग मी मालक?

‘‘मालक. पण कलमात पुढे शब्द आहेत, उलट करार नसेल तर.’’ त्यांनी कलम चौदावर बोट ठेवलं. ‘‘मालकी त्याने घेतलेली नाही. पण मालकाने हाताला हात लावून मम म्हटलंय.’’

खरं होतं. होमापुढे गुरुजींनी जे जे म्हणायला सांगितलं ते मी अर्थ न विचारता म्हटलं होतं. करारापुढेही मी तेवढाच श्रद्धावान होतो. फरक इतकाच की होमापुढे निदान हातात पळी होती.

मी विचारलं, त्या चौदाव्या कलमावर सहीआधीच आडवी रेघ मारली असती तर? ‘‘तर तो दोन मिनिटं कुरकुरला असता, किंवा थोडे जास्त पैसे मागितले असते. बरेच जण विचारलं तर एका शब्दावर सोडून देतात. कोणी विचारत नाही.’’ मग वकील सत्तावन्नाव्या कलमावर आले. मालकी कोणाचीही असो, फोटो ज्याने काढला त्याचं नाव त्याच्याशी जोडलेलं राहायला हवं. त्याची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला धक्का लावला तर तो दाद मागू शकतो. मालकी देऊन टाकली तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. ‘‘तुम्ही त्या फोटोंचं काय केलंत?’’ त्यांनी विचारलं.

मी काय केलं ते आता नोंदवतो. त्या दहांपैकी आम्हा दोघांचा फोटो मी फोनवर उतरवून घेतला. खालचं स्टुडिओचं नाव दिसायला बरं दिसत नव्हतं, म्हणून कापलं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. भाच्याने तो केशरी केला. मेहुण्याने त्यावर फुलं आणि ‘जीवेत् शरदः शतम्’ घातलं. आत्याने एकूण कितीजणांना पाठवला ते तिलाही सांगता येत नाही. महिनाअखेर मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी त्यातून माझा चेहरा उचलून आठ बाय सहाचा फ्लेक्स केला, कपाळासकट. निरोपाच्या भाषणात तीन वक्त्यांनी फोटोचं कौतुक केलं. कोणी काढला, असं एकाने विचारलंसुद्धा. मी म्हणालो, ‘‘आहे एक मुलगा.’’

त्याला लेन्सचं नाव माहीत होतं आणि माझं नव्हतं, ही माझी नोंद मी वर केलीच आहे.

वकील म्हणाले, ‘‘फिट्टंफाट.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘खरं तर दावा मी लावायला हवा. त्या केळीच्या पानाच्या फोटोत मागे कोण आहे पाहिलंत? मी आहे. जिलबी खातोय. माझ्या शुगरचे आकडे घरात भिंतीवर लावलेले असतात, आणि मी कोणत्याही कलमाखाली सही केलेली नाही.’’

अल्बम अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी आला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. मायेने पाहणाऱ्या आईचा एक फोटो त्यात असा आहे की त्यापुढे मी कलम चौदा आणि कुरिअरचा घोळ दोन्ही विसरायला तयार आहे. तो आमच्या फोटोग्राफरने जगापुढे मांडला नव्हता. का, ते विचारायला मी त्याला फोन केला. ‘‘तो तुमचा आहे, सर्,’’ तो म्हणाला. मला पुढे काही सुचलं नाही. त्याचं नाव अल्बमच्या पहिल्या पानावर होतं, ते मी या वेळी पूर्ण वाचलं.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. घरी मंगलकार्य असेल आणि फोटोग्राफर करार घेऊन आला, तर गॅसवाल्याला पाच मिनिटं थांबवा. चौदावं कलम वाचा. तुमच्या करारात ते नववं किंवा अकरावं असेल. नको असेल तर रेघ मारा, रेघेला जीएसटी लागत नाही. हवं असेल तर राहू द्या, पण मग आत्याचा फोन आल्यावर दचकू नका. आणि फोटो पुढे पाठवताना खालचं नाव कापू नका. त्या नावामागे कोणीतरी चार तास होमाच्या धुरात गुडघ्यावर बसलेलं असतं.

हॉलमध्ये लावायला बायकोने आम्हा दोघांचा फोटो निवडला. मी ऑफिसच्या शेवटच्या कागदपत्रांत होतो, म्हणून अकराव्या मेनवरच्या फ्रेमवाल्याकडे ती एकटीच गेली. तिला आवडलेली शिसवी चौकट तयार होती, पण ती जरा अरुंद पडत होती. फ्रेमवाल्याने विचारलं, कुठून कापू? बायकोने दोन्ही बाजू नीट पाहून सांगितलं.

फोटो आता सोफ्याच्या वर आहे. येणारे जाणारे थांबून पाहतात. वयस्क गृहस्थांचं म्हणणं बरोबर होतं, फोटो सुधारला आहे. खिडकीचा उजेड सुरेख पडला आहे, कुठेही काही बर्न झालेलं नाही, आणि बायको कोणाच्या तरी हाताला हात लावून बसली आहे. हात माझा आहे, कोपरापर्यंत.